पैज हरलेला वजीर

संगणकासमोर बसून बुद्धिबळ सुधारतं का, या प्रश्नाचं पहिलं चांगलं उत्तर एका पैजेतून मिळालं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या केन थॉम्पसन यांनी (युनिक्स ही संगणकप्रणाली घडवणाऱ्यांपैकी हेच ते) वजीर विरुद्ध हत्ती या शेवटाची, म्हणजे राजांखेरीज एकीकडे फक्त वजीर आणि दुसरीकडे फक्त हत्ती उरलेल्या पटाची, एकूण एक स्थिती संगणकाकडून सोडवून घेतली. वजीरवाला जिंकतो, असं पुस्तकं सांगत होती. अमेरिकेचा ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन शंभर डॉलर लावून वजीर घेऊन बसला. माणूस अशा वेळी हत्ती राजाला चिकटवून ठेवतो. यंत्राने तो खुशाल लांब नेऊन ठेवला. पन्नास चालींत काही मारलं गेलं नाही, तर असा डाव बरोबरीत सोडवता येतो. त्या पन्नास चाली संपल्या, ब्राउनचे शंभर डॉलर गेले. मग तो घरी जाऊन त्या स्थिती घोटत बसला, काही आठवड्यांनी परत आला आणि बरोबर पन्नासाव्या चालीला त्याने हत्ती मारला.

दुसरी वाट डाव साठवण्याची. 1966पासून बेलग्रेडहून निघणाऱ्या 'चेस इन्फॉर्मंट' या निवडक डावांच्या संग्रहात टिपणं शब्दांऐवजी खुणांत असत, त्यामुळे ती कुठल्याही भाषेचा खेळाडू वाचू शके. पण एखाद्या प्रतिस्पर्ध्याचे सगळे डाव शोधायचे, तर खंडच्या खंड चाळावे लागत. 1985मध्ये हॅम्बुर्गच्या आठ खेळाडूंशी एकाच वेळी खेळताना सोव्हिएत ग्रँडमास्टर कास्पारोव्ह साडेतीन-साडेचार असा हरला. 1987मध्ये तो पुन्हा आला तो हॅम्बुर्गच्याच चेसबेस या डावांच्या संगणकीय साठ्यात त्यांचे डाव बघून. या वेळी निकाल सात-एक.

1991मध्ये फ्रिट्झ हे बुद्धिबळ खेळणारं सॉफ्टवेअर बाजारात आलं आणि घरातल्या संगणकावर तगडा प्रतिस्पर्धी मिळाला. पुढे तो फारच तगडा झाला. 2006मध्ये बॉनला तेव्हाचा जगज्जेता क्रामनिक डीप फ्रिट्झकडून चार-दोन हरला. दुसऱ्या डावात तर त्याला स्वतःवर एका चालीत होणारी मात दिसली नाही. 2008मध्ये आलेलं स्टॉकफिश तर फुकटच, आज साध्या फोनवरही चालतं.

गोची इथे झाली. ब्राउनला यंत्राने उत्तर सांगितलं नव्हतं, फक्त अडवलं होतं. आताचं इंजिन, म्हणजे चाली शोधणारं असं सॉफ्टवेअर, पोराने विचार सुरू करायच्या आत 'अधिक शून्य दशांश सात', म्हणजे पांढरा थोडा वरचढ, असा आकडा दाखवतं. आकडा खरा असतो, पण तो का, हे पोराला कळत नाही आणि विचारावंसंही वाटत नाही. माझ्या मते नुकसान आहे ते हेच.

चेन्नईचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्न यांनी म्हणूनच गुकेशला ग्रँडमास्टर होईपर्यंत इंजिनापासून लांब ठेवलं. तो किताब त्याला 2019मध्ये, बारा वर्षांचा असताना मिळाला. 2024मध्ये सिंगापूरला तो जगज्जेता झाला, तेव्हा मात्र त्याच्या चमूच्या दिमतीला इंजिनं होतीच. त्यांच्याशिवाय आज त्या पातळीवर सुरुवातीच्या दहा चालींचीही तयारी होत नाही.