वाफ कुणी पाहिलीय?

वर्गात कुणी विचारलं, "वाफ पाहिलीय का?" तर सगळ्यांचे हात वर जातील. चहाच्या कपावर, भाताच्या पातेल्यावर, आंघोळीच्या बादलीवर रोजच तर दिसते, पांढरी पांढरी. पण गंमत अशी की खरी वाफ आजवर कुणालाच दिसलेली नाही. वाफ हा वायू आहे आणि त्याला हवेसारखाच रंग नाही.

खात्री करायची असेल तर कुकरची शिट्टी होताना जरा लांब उभं राहून नीट बघा. शिट्टीच्या अगदी तोंडाशी बोटभर जागा रिकामी दिसते आणि त्यानंतर पांढरा फवारा सुरू होतो. खरी वाफ त्या रिकाम्या जागेत असते. पुढे गेल्यावर गार हवा लागून तिचे पाण्याचे बारीक बारीक थेंब होतात आणि आपल्याला दिसतात ते हे थेंब. आकाशातले ढगही असेच थेंबांचे बनलेले असतात. म्हणजे आईच्या चहाच्या कपावर रोज सकाळी एक छोटासा ढग तरंगत असतो!

या न दिसणाऱ्या वाफेच्या अंगात ताकद मात्र भलतीच असते. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १६०० पट जागा मागतं. एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर पाणी घ्या. त्या सगळ्याची वाफ केली तर ती मावायला ८ लिटरची बादली लागेल. आणि एवढी जागा मिळाली नाही तर? मग स्वयंपाकघरात धमाल सुरू होते.

नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्यांचंच बघा. दाणा कोरडा ठणठणीत दिसतो, पण त्याच्या पोटात थोडं पाणी असतंच. तापल्यावर त्याची वाफ होते. बाहेर पडायला वाट नसते, कारण दाण्याचं साल घट्ट असतं. आत दाब वाढत जातो, वाढत जातो, आणि एका क्षणी साल फुटतं, फट्! आतला मऊ झालेला पिठूळ भाग वाफेबरोबर फुगून बाहेर येतो आणि गार होताच तसाच गोठतो. लाही म्हणजे गोठलेला स्फोट! मक्याचा दाणा साधारण १८० अंश सेल्सिअसला फुटतो. तोवर त्याच्या आतला दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ नऊपट झालेला असतो. ज्या दाण्याचं साल आधीच तडकलेलं असतं, तो कधीच फुटत नाही, कारण त्याची वाफ फटीतून गुपचूप निघून जाते. लाह्यांसाठी ज्वारी आधी थोडी भिजवून घेतात तीही याचसाठी: पोटात पाणी नाही तर लाही नाही. फोडणीतली मोहरी तडतडते तेव्हाही तिच्या इवल्याशा पोटात हेच चाललेलं असतं.

आता भाकरी. मला विचाराल तर भाकरी फुगताना बघण्यासारखं दुसरं काही नाही. आजी परातीत भाकरी थापते, अलगद तव्यावर टाकते आणि वरून पाण्याचा हात फिरवते. ते पाणी सुकत आलं की भाकरी उलटते. आता दोन्ही बाजू शेकून जराशा घट्ट झालेल्या असतात, आतलं पीठ मात्र अजून ओलं असतं. मग भाकरी तव्यावरून काढून थेट जाळावर धरली की त्या ओलाव्याची वाफ होते. ती बाहेर यायला बघते, पण वरचा पापुद्रा आणि खालची जाड बाजू तिला सोडत नाहीत. मग वाफ दोघांना एकमेकांपासून उचलते आणि भाकरी टम्म फुगते. कुठे बारीकसं भोक पडलं किंवा कडेला चीर गेली तर फुस्स! पुढच्या वेळी भाकरी फुगली नाही तर ती चीर शोधून बघा, बहुतेक वेळा सापडते. पुरी आणि फुलकाही याच युक्तीने फुगतात.

दूध उतू का जातं आणि पाणी का जात नाही? पाण्यातले वाफेचे बुडबुडे वर येतात आणि फुटून जातात. दुधातही बहुतांश पाणीच असतं, पण त्यात प्रथिनं आणि स्निग्धांशही असतात. त्यांचा वर पातळ पडदा धरतो, आपण ज्याला साय म्हणतो तीच. शिवाय प्रथिनांमुळे दुधाचे बुडबुडे चिवट होतात, पटकन फुटत नाहीत. खालून वाफ येतच राहते, वर फेस साचत जातो आणि बघता बघता तो सायीला उचलून पातेल्याबाहेर पडतो. तुमच्या घरी रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यात दूध ठेवून ते मुद्दाम उतू घालवत असतील, तर यंदा अगदी शेवटच्या क्षणी सायीकडे लक्ष ठेवा. आधी ती मधोमध फुगते आणि मग एकदम सुटते.

घावन घालताना तवा तापला का हे बघायला त्यावर पाण्याचे दोन थेंब शिंपडतात. तवा कोमट असला तर थेंब पसरतो. बराच तापला असला तर चर्रकन उडून जातो. पण खूपच तापला असला तर थेंब उडून न जाता गोट्यांसारखे तव्यावर नाचत सुटतात! इतक्या तापल्या तव्यावर तर ते आणखी लवकर आटायला हवेत ना? पण होतं असं की थेंबाचा तळ तव्याला टेकताक्षणीच वाफ होतो आणि त्या वाफेच्या गादीवर उरलेला थेंब तरंगत राहतो. तव्याची उष्णता गादीतून त्याच्यापर्यंत सावकाश पोचते. योहान लायडनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १७५६ साली याबद्दल लिहिलं. त्यांनी लोखंडी पळी लालबुंद तापवून त्यात थेंब टाकला, तर तो अर्ध्या मिनिटाहून जास्त टिकला. आजही या नाचाला त्यांचंच नाव आहे.

कुकरमध्ये आपण वाफेला मुद्दाम कोंडतो. दाब वाढला की पाणी १०० अंशांना उकळत नाही, सुमारे १२० अंशांपर्यंत तापतं, म्हणून डाळ पटकन शिजते. डेनिस पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये लंडनमध्ये असं भांडं दाखवलं होतं. १६८२ मध्ये त्यात शिजवलेलं जेवण तिथल्या शास्त्रज्ञांना वाढलं, तेव्हा हाडंसुद्धा मऊ झाली होती. उंच डोंगरावर याच्या उलट होतं. तिथे हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे लेहला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळू लागतं. तिथे कुकरशिवाय डाळ शिजवायची म्हणजे कठीणच.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. उकडीच्या मोदकांचं झाकण उघडताना मोठी माणसं हात लांब ठेवतात, कारण वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षाही वाईट असतो. एक ग्रॅम बर्फगार पाणी उकळीला आणायला १०० कॅलरी उष्णता लागते. पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४० कॅलरी लागतात! ती सगळी उष्णता वाफ पोटात घेऊन हिंडते, आणि हाताला लागून तिचं पुन्हा पाणी झालं की ती हातावर ओतते.

हीच देवघेव उलटी चालते तेव्हा आपल्याला माठातलं गार पाणी मिळतं. माठाच्या मातीला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. त्यांतून पाणी झिरपतं आणि बाहेरच्या बाजूने उडून जातं. वाफ व्हायला उष्णता तर हवीच, मग ती माठातल्या पाण्याकडून घेतली जाते आणि आतलं पाणी गार होतं. नागपूरला मे महिन्यात हवा कोरडी असते, पाणी भराभर उडतं आणि माठातलं पाणी दात शिवशिवावेत इतकं गार होतं. मुंबईत पावसाळ्यात हवाच ओली असते, मग माठाच्या अंगावरचं पाणी जाणार कुठे? त्या दिवसांत माठाला हात लावून बघा. बाहेरून ओलाचिंब लागेल, पण आतलं पाणी जेमतेमच गार असेल.