व्यसनमुक्ती केंद्रांवरील स्वतंत्र देखरेख (नाशिक जिल्हा)

व्यसनी माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध ठेवणाऱ्या केंद्राची तपासणी केंद्रचालक, पैसे भरणारे नातेवाईक आणि अनुदान देणारे खाते या तिघांशीही बांधील नसलेल्या यंत्रणेने करणे, म्हणजे स्वतंत्र देखरेख. तिचा आधार मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017. दारू व अमली पदार्थांच्या गैरवापरातून उद्भवणाऱ्या मानसिक अवस्था या कायद्याने मानसिक आजारात धरल्या आहेत. त्यामुळे रुग्ण मुक्कामी ठेवणारे केंद्र, पाटीवर ‘संस्था’ असो वा ‘आश्रम’, नोंदणीच्या कक्षेत येते.

नाशिकमध्ये प्रश्न फक्त दारूचा नाही. 2023 मध्ये नाशिक रोडजवळच्या शिंदे गावात मेफेड्रॉन (‘एमडी’) या अमली पदार्थाचा कारखाना उघडकीस आला. मालेगावात अल्प्राझोलम ही झोप व शांततेची गोळी ‘कुत्ता गोळी’ या नावाने विकली जाते. ही गोळी रोज घेणाऱ्याला कोंडून एकदम बंद केली तर झटके येऊन जीव जाऊ शकतो. मात्रा टप्प्याटप्प्यानेच उतरवावी लागते. दारू तुटल्यावर झटक्यांचा धोका साधारण 6 ते 48 तासांत असतो, तर भास, थरथर व भ्रम यांची जीवघेणी अवस्था बहुधा 48 ते 96 तासांत येते. म्हणून पहिल्या चार रात्री केंद्रात प्रशिक्षित परिचारिका व बोलावता येईल असा डॉक्टर होता का, हे तपासणीत सर्वांत आधी पाहावे.

‘घरच्यांनी सही केली आहे’ हे उत्तर जवळपास प्रत्येक केंद्रात मिळते. ते पुरेसे नाही. याच कायद्याच्या कलम 89 नुसार नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलायला नेमलेल्या व्यक्तीचा, अर्ज लागतो. शिवाय एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत रुग्णाला स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते. स्वतःला इजा करण्याची धमकी वा प्रयत्न, दुसऱ्यावर हिंसा वा तिची धास्ती, किंवा स्वतःची काळजी घेण्याची असमर्थता यांपैकी काहीतरी अलीकडे घडलेले वा घडत असलेले हवे. नुसते पिणे हे कारण होत नाही. अशी भरती 30 दिवसांपुरती असते. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला (अशा भरतीवर नजर ठेवणारे, याच कायद्याखालील मंडळ) ती सात दिवसांत, स्त्री वा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांत कळवायची असते. त्यापुढे ठेवायचे तर मंडळाची परवानगी लागते, तीही आधी 90, मग 120, मग 180 दिवसांपर्यंत. तेव्हा नकार देणाऱ्या माणसासाठी भरतीच्याच दिवशी ठरवलेले ‘सहा महिन्यांचे पॅकेज’ कायद्यात बसत नाही. स्वेच्छेने आलेल्याने जायचे म्हटले तर तपासणीसाठी त्याला फार तर 24 तास थांबवता येते.

तपासणी न कळवता व्हावी. भरती नोंदवही, प्रत्यक्ष डोकी आणि जेवणाची ताटे जुळवावीत. तफावत असेल तर माणसे दुसऱ्या जागी हलवलेली असू शकतात. बोलण्यासाठी रुग्णांची निवड व्यवस्थापकावर सोडू नये. नोंदवहीतून मधलीच नावे काढावीत आणि सेवकांच्या नजरेआड बोलावे. अनेक ठिकाणी सेवक हे जुने रुग्णच असतात आणि शिस्तीच्या नावाखाली मारहाणही त्यांच्याच हातून होते. साखळीने बांधणे कलम 95 ने पूर्ण बंद आहे, एकांतात कोंडणेही निषिद्ध आहे. साखळीखेरीज अन्य प्रकारे बांधून ठेवले असेल तर त्याची प्रत्येक वेळ, कारण आणि मनोविकारतज्ज्ञाची परवानगी लिहिलेली हवी, आणि त्याचा अहवाल दरमहा मंडळाकडे गेलेला हवा. सक्तीचे मुंडन, जबरदस्तीचे काम, फोनबंदी यांबद्दल थेट विचारावे. कुलपाची किल्ली रात्री कोणाकडे असते हे आगीच्या दृष्टीने पाहावे. बोललेल्या रुग्णांना काही दिवसांनी पुन्हा भेटणे अत्यावश्यक आहे, कारण तपासनीस परतल्यावर सूड घेतला जाण्याची भीती खरी असते.

यंत्रणेची मोठी त्रुटी नोंदणीतच आहे. तात्पुरती नोंदणी चौकशीशिवाय दहा दिवसांत मिळते, ती 12 महिने चालते, आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची तपासणी तीन वर्षांतून एकदा. विनानोंदणी केंद्राला पहिल्या वेळी दंड फक्त 5,000 ते 50,000 रुपये. केंद्र बंद करताना आतल्या रुग्णांना नुसते घरी पाठवणेही धोक्याचे: अफू गटाच्या नशेची सहनशीलता उतरलेली असते आणि जुनीच मात्रा घेतली तर मृत्यू येऊ शकतो. त्यांना आधी जिल्हा रुग्णालयात हलवावे.

भारत संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराला जोडलेल्या 2002 च्या ऐच्छिक प्रोटोकॉलचा (जोडकराराचा) पक्षकार नाही, म्हणून कोंडलेल्या जागांना नियमित भेटी देणारी त्या धर्तीची राष्ट्रीय यंत्रणा येथे नाही. भार मंडळावरच पडतो. त्याच्या सहा सदस्यांत अध्यक्ष न्यायिक पार्श्वभूमीचा असतो, आणि आजार भोगलेल्यांना, काळजीवाहकांना किंवा त्यांच्या संस्थांच्या प्रतिनिधींना दोन जागा असतात.

मंडळाकडील अर्जाला शुल्क नाही. रुग्ण किंवा त्याचा प्रतिनिधी सक्तीच्या भरतीला आव्हान देऊ शकतो व त्यावर सात दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. निर्णयावर 30 दिवसांत उच्च न्यायालयात अपील होते. वकील नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत साहाय्य मागता येते. भरतीची कागदपत्रेच नसतील तर बेकायदा डांबून ठेवल्याची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम 127 खाली पोलिसांत द्यावी.