पार्श्वभूमी : एसटी स्टँडसमोरचं सँडविच-पिझ्झाचं दुकान

आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर एक दुकान आहे. पुढं काउंटर, आत चार टेबलं, मागं घर. काका ओव्हन सांभाळतात, काकू गल्ल्यावर बसतात, मुलगा कॉलेजातून आला की पार्सलं बांधतो. शहराचं खूळ गावात शिरलं, असं जुनी माणसं या दुकानाबद्दल म्हणतात. मला ते पटत नाही. हे दुकान इथं उभं राहायला किती गोष्टी जुळून याव्या लागल्या, आणि त्यातल्या बहुतेकींचा पिझ्झ्याशी संबंधही नव्हता.

भाजलेली कणीक वऱ्हाडाला नवी नाही. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, अशी पंगत अजूनही शेतात बसते. पण रोजच्या ताटात ज्वारीची भाकर. पाव हा शब्दच पोर्तुगीजांचा. तो किनाऱ्यावर रुळला आणि आमच्याकडं फार उशिरा पोचला. गावात बेकरी होती, पण लोक तिथं जायचे ते टोस्ट, खारी आणि नानकटाईसाठी. ब्रेड घरात यायचा कुणाला ताप आला की. दूध-ब्रेड म्हणजे आजाऱ्याचं खाणं. माझ्या आजीनं धडधाकट माणसाच्या ताटात ब्रेड कधी वाढला नाही.

केंद्र सरकारनं 1965 साली मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली. कागदात गुंडाळलेला, एकसारखा कापलेला ब्रेड शहरांत घरोघरी ओळखीचा व्हायला तिनं मोठा हातभार लावला. 2000 साली सरकारनं ती हिंदुस्थान लिव्हरला विकली. बटाटा, काकडी, बीट आणि हिरवी चटणी घातलेलं सँडविच मात्र मुंबईच्या फुटपाथचं. आमच्याकडं येता येता त्यातला सांबार वाढला आणि मिरची दुप्पट झाली. (सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी.) काकू चटणी अजून पाट्यावर वाटतात. टोस्टरच्या दांडीवर जोर दिला की कडेनं हिरवं पाणी सुटतं, ते फडक्यानं टिपून मगच सँडविचचे चार तुकडे करतात.

पिझ्झ्याच्या परदेशी साखळ्यांनी 1996 साली दिल्ली आणि बेंगळुरूत दुकानं उघडली. आमच्या गावाला त्यानंतरही बरीच वर्षं लागली. लोकांजवळ पैसा नव्हता, असं कारण सांगतात. तेही खरंच, कापूस विकला जाईपर्यंत इथं उधारीवरच चालतं. पण माझ्या मते खरं कारण वीज. 2005 नंतरची ती वर्षं विदर्भातला कुणीही विसरलेला नाही. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, औष्णिक केंद्रं आमच्या भूमीवर, धूर आमच्या डोक्यावर, आणि भारनियमनही आमच्याच वाट्याला. दिवसभर लाइन नसलेल्या गावात चीज टिकवणार कसं? त्या काळात या दुकानात नुसतं कोल्ड्रिंक मिळायचं, आणि तेही बर्फाच्या पेटीतलं. एका उन्हाळ्यात आइस्क्रीमचा अख्खा माल पाणी होऊन गेला, हे काका आजही सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो.

भारनियमन ओसरलं तसा डीप फ्रीजर आला, मग चीज, मग तयार बेसची पाकिटं. ओव्हन सगळ्यात शेवटी आला.

पण नुसत्या मालानं दुकान चालत नाही, बसणारं माणूस लागतं. ते माणूस एसटीनं आणून दिलं. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेला जायला-यायला एसटीचा मोफत पास मिळतो, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आहे ती. त्या पासावर आसपासच्या खेड्यांतल्या पोरी तालुक्याला शिकायला येऊ लागल्या. शाळा सुटते पाचला, गाडी पावणेसहाला. मधल्या पाऊण तासात पोरींनी बसायचं कुठं? स्टँडवर टवाळ पोरं. चहाच्या हॉटेलात सगळे बाप्ये. तर्री-पोह्याच्या गाडीवर तर उभंच राहायचं. माझ्या बहिणीच्या वेळी मुली स्टँडच्या भिंतीला पाठ लावून, दप्तर छातीशी धरून उभ्या राहत. मी ते पाहिलेलं आहे.

काकू गल्ल्यावर बसू लागल्या आणि पोरी आत यायला लागल्या. चौघींत एक सँडविच. पिझ्झा कुणाच्या वाढदिवसाला किंवा दहावीच्या निकालाला, तोही वर्गणी काढून. काकूंनी एकदाही कुणाला उठवलं नाही. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हा बाजाराला आलेल्या आयाही लेकरं घेऊन बसायला लागल्या. टाळेबंदीत दुकान बंद होतं, तेव्हा पुढं काय हा घोर काका-काकूंना होताच. शाळा उघडल्या आणि चारही टेबलं पुन्हा भरली.

गाडी फलाटाला लागली की काकू दारात येतात. "पोरीहो, गाडी लागली!" उरलेला तुकडा कागदात गुंडाळून हातात देतात. कुणाजवळ सुटे नसले तर म्हणतात, "राहू दे, उद्या देजा."