मुंबईतील युरोपीय निर्वासित कलावंत

हिटलर १९३३ मध्ये सत्तेवर आल्यानंतर मध्य युरोपातून जीव वाचवून मुंबईत आलेले चित्रकार, संगीतकार व समीक्षक. यांतले बहुतेक ज्यू किंवा ज्यूंशी नात्याने बांधलेले. त्यांच्या मदतीसाठी १९३४ मध्ये मुंबईत ज्यू रिलीफ असोसिएशन स्थापन झाली.

कार्ल्सबादचे वाल्टर कॉफमन (१९०७–८४) १९३४ मध्ये आले. भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका प्रथम त्यांना परक्या वाटल्या. पण लाखो लोकांना जे भावते त्यात दोष नसणार, उणीव आपल्याच कानात असणार, असे मानून ते शिकायला बसले. १९३७ ते ४६ ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. सकाळी रेडिओ लावला की तंबोऱ्याच्या षड्ज-पंचमावर व्हायोलिनची जी संकेतधून उमटते, तिचे श्रेय सामान्यतः त्यांनाच दिले जाते. मराठी माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्या या धुनेवर जाग्या झाल्या. रचणाऱ्याचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असते, ही खेदाची गोष्ट आहे.

महायुद्ध पेटताच १९३९ मध्ये या लोकांवर विचित्र प्रसंग ओढवला. ज्या राजवटीने त्यांना देशोधडीला लावले, तिचेच नागरिक म्हणून इंग्रज सरकारने अनेकांना शत्रू ठरवले आणि अहमदनगर, पुरंदर येथील छावण्यांत ठेवले. चौकशीनंतर बहुतेक ज्यू सुटले.

चित्रकलेत तिघांची नावे एकत्र घेतली जातात. व्हिएन्नाहून आलेले वाल्टर लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक झाले. नेपियन सी रोडवरील त्यांच्या घरी तरुण चित्रकार जमत. रूडी फॉन लायडेन वृत्तपत्रांतून कलासमीक्षा लिहीत. इमॅन्युएल श्लेसिंगर औषधांचा व्यवसाय करीत आणि कुणी विचारत नसे तेव्हा नव्यांची चित्रे विकत घेत. मोटारी धुऊन पोट भरणाऱ्या कृ. हो. आरांची गुणवत्ता लायडेन यांनी हेरली. आरा, सूझा, रझा, हुसेन, गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे यांनी १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापला. हे चित्रकार निर्वासितांनी घडवले असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. त्यांची दृष्टी त्यांची स्वतःची होती. निर्वासितांनी त्यांना गिऱ्हाईक, वाचक आणि बसायला घर दिले, आणि त्या काळात ते दुर्मीळ होते.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. लायडेन गंजिफांचे, म्हणजे खेळायच्या जुन्या गोल पत्त्यांचे, मोठे संग्राहक व अभ्यासक झाले. हे पत्ते सावंतवाडीत आजही हाताने रंगवले जातात. कॉफमन पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले आणि उत्तर हिंदुस्थानी रागांवर त्यांनी १९६८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला.