अर्धवट राहिलेली मॉडेल बोट आमच्याकडे पाठवण्याआधी

“फक्त थोड्या पट्ट्या लावायच्या राहिल्यात, किती दिवस लागतील?” हे आम्हाला सतत विचारलं जातं. बोटीच्या अंगाला लावायच्या उरलेल्या लाकडी पट्ट्या मोजून ते सांगता येत नाही. कणा, म्हणजे बोटीच्या मधोमध लांबीभर जाणारी प्लायवुडची फळी, सरळ आहे का आणि मधल्या काळात बोटीला कुठला गोंद लागलाय, यावर सगळं ठरतं.

सगळ्यात जास्त वेळ सुपरग्लू खातो. माळ्यावरून बोट काढली, दोन पट्ट्या सुटलेल्या दिसल्या, सोडले चार थेंब! कृपया हे करू नका. साध्या पांढऱ्या वुड ग्लूचा जुना जोड आयसोप्रोपिल अल्कोहोल मुरवलं की मऊ पडतो आणि पातळ पात्याने पट्टी अखंड उचलता येते. सुपरग्लू मात्र लाकडात भिनतो. ॲसिटोनने सोडवायला गेलं तर शेजारचा रंग निघतो, आणि भिनलेल्या जागी पुढे स्टेन (लाकडाला रंगछटा देणारं द्रावण) न चढल्याने फिकट डाग राहतो. जुन्या थरावर नवा वुड ग्लू लावूनही उपयोग नाही. कोरं लाकूड लागेपर्यंत खरवडल्याशिवाय तो धरत नाही. तेव्हा सुटलेलं सुटलेलंच पाठवा, तुकडे पिशवीत घालून.

कणा घरीच बघता येतो. बोट उलटी ठेवून कण्याच्या खालच्या कडेवर दोरा ताणा. पट्ट्या लागण्याआधी प्लायवुडचा दोन-तीन मिलिमीटरचा बाक बरगड्यांच्या (कण्याला आडव्या बसवलेल्या फळ्यांच्या) मध्ये ठोकळे चिकटवून काढता येतो, पट्ट्या बसल्यावर नाही. म्हणून कधी कधी लावलेल्या पट्ट्या उतरवाव्या लागतील असं आम्ही सांगतो. बिल वाढवतोय असं वाटतं खरं, पण वाकड्या कण्यावरच्या डोलकाठ्या एका रेषेत येत नाहीत, आणि ते कळतं अगदी शेवटी.

पट्ट्या कमी पडत असतील तर नमुना पाठवा, आम्ही व्हर्निअरने मापून कापून देतो. अक्रोडाचं लाकूड वर्षानुवर्षांत फिकं होतं, त्यामुळे नवी पट्टी उठून दिसते. आम्ही नव्या पट्ट्या पाणरेषेखाली, रंगाखाली झाकतो आणि जुन्या वर वापरतो.

शिशाच्या तोफांवर, नांगरांवर पांढरी भुकटी दिसली तर घासू किंवा फुंकू नका, ती विषारी असते. हातमोजे घालून बंद पिशवीत टाका. सुटे भाग आम्ही बदलून देतो. मोटरची बोट असेल तर जुनी बॅटरी आधी काढा.

अंदाजासाठी वरून, समोरून आणि दोरा ताणलेल्या कण्याचा असे तीन फोटो पुरतात. सोबत नकाशाचे सगळे कागद द्या, फाटलेले असले तरी.