स्तनकर्करोगातील संप्रेरक-उपचार प्रतिरोध

इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या जोरावर वाढणारा स्तनाचा कर्करोग त्याच संप्रेरकाला अडवणाऱ्या औषधांना दाद देईनासा होतो, त्या अवस्थेला संप्रेरक-उपचार प्रतिरोध म्हणतात. जगभरातल्या स्तनकर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के ‘ईआर पॉझिटिव्ह’ असतात, म्हणजे त्यांच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेनचा ग्राही (रिसेप्टर), म्हणजे इस्ट्रोजेन ज्यावर येऊन बसते ते प्रथिन, असतो. भारतात हे प्रमाण काहीसे कमी आढळते. अशा रुग्णांचा मुख्य आधार म्हणजे रोजची एक गोळी. पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्याने या आजाराने होणारे मृत्यू जवळपास एकतृतीयांशाने कमी होतात. तरीही काहींचा आजार परततो, आणि शरीरात इतरत्र पसरलेल्या आजारात तर प्रतिरोध आज ना उद्या बहुतेक सर्वांमध्ये उद्भवतो.

प्रतिरोध उपचाराइतकाच जुना आहे. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी बळावलेल्या स्तनकर्करोगात अंडाशय काढून टाकले, तेव्हा गाठी विरल्या. हे त्यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केले. इस्ट्रोजेनचा शोधही तेव्हा लागलेला नव्हता. पण हा गुण कायम टिकत नाही, हेही लवकरच दिसून आले.

आजची औषधे तीन ठिकाणी घाव घालतात. टॅमॉक्सिफेन ग्राहीमधली इस्ट्रोजेनची जागा अडवते. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन ही औषधे अरोमटेज हे विकर (एन्झाइम) बंद पाडतात, त्यामुळे रजोनिवृत्तीनंतर मेदपेशींमध्ये होणारी इस्ट्रोजेनची निर्मिती थांबते. फुलव्हेस्ट्रंट ग्राहीच नष्ट करते. अंडाशय चालू असलेल्या स्त्रीला नुसते लेट्रोझोल देऊन भागत नाही. अंडाशय दबवणारे इंजेक्शन सोबत द्यावे लागते, नाहीतर शरीर अंडाशयांना आणखी चेतवते. भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयाच्या रुग्ण अधिक असल्याने हा मुद्दा इथे फार महत्त्वाचा ठरतो.

शस्त्रक्रियेनंतरच्या गोळ्या सुरू असताना पहिल्या दोन वर्षांतच आजार उलटला, किंवा पसरलेल्या आजारात पहिल्या उपचाराच्या सहा महिन्यांच्या आत तो वाढला, तर प्रतिरोध प्राथमिक मानतात. त्यानंतर आलेला तो अर्जित. औषध शरीरात पुरेसे पोहोचलेच नसेल, तर त्याला खरा प्रतिरोध म्हणता येत नाही. सांधेदुखी आणि अंगातून निघणाऱ्या वाफांना कंटाळून अनेकजणी गोळ्या सोडतात. त्यांना दोष देण्यापेक्षा तो त्रास कमी करणे हा उपचाराचाच भाग मानायला हवा. पॅरॉक्सेटीनसारखी नैराश्यावरची काही औषधे यकृतात टॅमॉक्सिफेनचे प्रभावी रूप तयार होऊ देत नाहीत, म्हणून ती सोबत देणे टाळतात.

अर्जित प्रतिरोधाचे सर्वांत नीट उलगडलेले कारण खुद्द ग्राहीमध्ये आहे. ग्राही हे ५९५ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. इस्ट्रोजेन त्याच्या खोबणीत बसले की बारावे हेलिक्स नावाचा छोटा सर्पिल भाग झाकणासारखा मिटतो आणि ग्राही पेशीला वाढीचे आदेश देऊ लागतो. टॅमॉक्सिफेनची लांब बाजूसाखळी आड येते, म्हणून झाकण नीट मिटत नाही. पण ईएसआर१ या जनुकात उत्परिवर्तन होऊन ५३७व्या जागी टायरोसीनऐवजी सेरीन आले, किंवा ५३८व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी ग्लायसीन आले, की झाकण इस्ट्रोजेनवाचूनच मिटलेले राहते. मग लेट्रोझोलने शरीरातले इस्ट्रोजेन जवळजवळ शून्यावर आणले तरी ग्राही चालूच राहतो. स्तनातल्या मूळ गाठीत हे बदल क्वचितच सापडतात. पसरलेल्या आजारात अरोमटेज-रोधक घेतलेल्या रुग्णांमध्ये मात्र ते २० ते ४० टक्क्यांपर्यंत आढळतात. औषधाने बाकीच्या पेशी मागे हटतात आणि असा बदल झालेल्या मोजक्या पेशींना मोकळे रान मिळते. गोळी एकही दिवस न चुकवणाऱ्या रुग्णामध्येही हे घडते. अशी उत्परिवर्तने १९९७ मध्येच नोंदली गेली होती, पण त्यांचे महत्त्व २०१३ मधल्या जनुकीय अभ्यासांनंतर पटले.

दुसरा मार्ग ग्राहीला वळसा घालतो. एचईआर२, एफजीएफआर१ यांसारखे वाढीचे संदेशमार्ग जोर धरतात. पीआयके३सीए या जनुकातला बदल तर ईआर पॉझिटिव्ह कर्करोगांपैकी सुमारे ४० टक्क्यांत असतो. त्यावरचे अल्पेलिसिब हे औषध रक्तातली साखर बरीच वाढवते, त्यामुळे मधुमेही रुग्णांमध्ये ते जपून वापरावे लागते. पेशीविभाजनाला चालना देणारी सीडीके४ आणि सीडीके६ ही विकरे रोखणारी पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब ही औषधे २०१५ पासून वापरात आली आणि प्रतिरोध लांबणीवर पडू लागला. काही गाठी ग्राही पूर्णपणे गमावतात. म्हणून परतलेल्या आजाराचा तुकडा शक्य असेल तेव्हा पुन्हा तपासावा. जुन्या रिपोर्टवर विसंबून राहू नये.

अस्थिमज्जेसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षे निपचित पडून राहणाऱ्या पेशींचे कोडे अजून सुटलेले नाही. पाच वर्षांचा उपचार पूर्ण झाल्यावरही विसाव्या वर्षापर्यंत आजार परतण्याचा धोका दरवर्षी थोडाथोडा चालूच राहतो.

ईएसआर१ मधला बदल आता रक्ताच्या नमुन्यात तरंगणाऱ्या कर्करोगाच्या डीएनएवरून ओळखता येतो. बदललेल्या ग्राहीवर फुलव्हेस्ट्रंट काही प्रमाणात चालते, पण ते एरंडेल असलेले दाट इंजेक्शन आहे. दोन्ही कुल्ल्यांत २५०-२५० मिलिग्रॅम, सावकाश, दर महिन्याला. ग्राही नष्ट करणारी पहिली गोळी, एलासेस्ट्रंट, अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये याच उत्परिवर्तनासाठी मंजूर झाली.

प्रतिरोध म्हणजे इस्ट्रोजेनशी नाते तुटणे, असे बहुतेक वेळा नसते. दीर्घकाळ इस्ट्रोजेनवाचून जगलेल्या पेशी त्याला इतक्या संवेदनशील होतात की तेच संप्रेरक बाहेरून दिल्यास त्यांतल्या काही मरतात. अरोमटेज-रोधक निकामी ठरलेल्या रुग्णांना एस्ट्रॅडायॉलच्या, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच एका रूपाच्या, गोळ्या दिल्यावर काहींचा आजार आटोक्यात राहिला. तो पुन्हा वाढू लागल्यावर त्यांतल्या काहींना पूर्वी निरुपयोगी ठरलेले अरोमटेज-रोधकच परत लागू पडले.