एरोनॉटिकल की ॲस्ट्रोनॉटिकल: एरोस्पेसच्या डिग्रीतले दोन रस्ते

एरोस्पेस घ्यायचंय असं ठरवलेल्या बऱ्याच मुलांच्या डोक्यात विमान आणि रॉकेट एकाच कप्प्यात असतात आणि सुरुवातीची वर्षं युनिव्हर्सिटीपण तसंच शिकवते, म्हणजे गणित, मेकॅनिक्स, थर्मो, मटेरियल्स, थोडं कोडिंग, सगळ्यांना सारखंच. मग इलेक्टिव्ह निवडायची वेळ येते, एकीकडे एरोनॉटिकल म्हणजे हवेत उडणारं, दुसरीकडे ॲस्ट्रोनॉटिकल म्हणजे अवकाशात जाणारं, आणि तिथे गोंधळ सुरू होतो. बहुतेकांना वाटतं फरक उंचीचा आहे, १०० किलोमीटरवरची कारमान रेषा, म्हणजे जिथून अवकाश सुरू होतं असं मानतात ती, ओलांडली की विषय बदलला. पण अभ्यास करताना उंचीने फारसं काही ठरत नाही. आजूबाजूला हवा आहे का आणि ती तुमच्यासाठी काही काम करतेय का, यावर सगळं ठरतं.

इंजिनापासूनच बघा ना. १ किलो केरोसीन जाळायला साधारण ३.४ किलो ऑक्सिजन लागतो. विमान हा ऑक्सिजन वाटेतच हवेतून घेतं, आणि टर्बोफॅनमध्ये, म्हणजे पुढे मोठा पंखा असलेल्या जेट इंजिनात, आत शिरलेली बरीचशी हवा तर जळणात जातही नाही, नुसती पंख्यातून मागे फेकली जाते आणि त्यातूनच बराचसा थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलणारा जोर, मिळतो. म्हणून एरोनॉटिकलचा प्रोपल्शन कोर्स म्हणजे कंप्रेसर, टर्बाइन, बायपास रेशो (न जळता मागे जाणारी हवा आणि इंजिनाच्या गाभ्यात जाणारी हवा यांचं प्रमाण), इनलेटमध्ये हवा नीट कशी शिरेल वगैरे. रॉकेटला ऑक्सिजनही घरूनच न्यावा लागतो, आणि मागे फेकायचं जे काही आहे तेही. त्याचा हिशोब रशियन शास्त्रज्ञ त्सिओलकोव्हस्कीच्या १९०३ च्या समीकरणात आहे आणि तो एकदा हाताने करून बघाच. पृथ्वीच्या खालच्या कक्षेत जायला वाटेतले लॉसेस धरून साधारण ९.४ किमी प्रति सेकंद डेल्टा-व्ही, म्हणजे वेगातला एकूण बदल, लागतो. स्पेसिफिक इम्पल्स, म्हणजे इंजिन इंधन किती चांगलं वापरतं त्याचं माप, ३५० सेकंद धरला तर एक्झॉस्टचा वेग ३.४३ किमी प्रति सेकंद येतो. ९.४ भागिले ३.४३ म्हणजे २.७४, आणि e चा २.७४ वा घात साधारण १५.५. म्हणजे जमिनीवर १५.५ टन उभं केलं तर वर १ टन पोचणार, आणि त्या १ टनात टाक्या, इंजिन, ढाचा सगळं आलं, सॅटेलाइटला जे उरेल ते. रॉकेटला स्टेज का असतात, म्हणजे रिकामे झालेले भाग वाटेतच का टाकून देतात, हे यानंतर कुणी समजावून सांगावं लागत नाही.

एरोनॉटिकलचा जीव आहे तो फ्लुइड्समध्ये. जर्मन शास्त्रज्ञ प्रांटलने १९०४ मध्ये बाउंडरी लेयरची कल्पना मांडली, म्हणजे पंखाला चिकटून हवेचा एक पातळ थर असतो आणि सगळं घर्षण जवळजवळ तिथेच होतं, तो थर पृष्ठभागापासून सुटला की लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर, गेली, यालाच स्टॉल म्हणतात. लॅबमध्ये विंड टनेलमध्ये एअरफॉइलचं, म्हणजे पंखाच्या आडव्या छेदाच्या आकाराचं, मॉडेल लावतात, समजा नाका (NACA) २४१२ नावाचा ठरावीक आकार. या आकड्यांना अर्थ आहे: कॅम्बर (पंखाचा बाक) कॉर्डच्या (पंखाच्या पुढून मागपर्यंतच्या रुंदीच्या) २ टक्के, तो सगळ्यात जास्त कुठे तर पुढून ४० टक्क्यांवर, आणि जाडी १२ टक्के. मग अँगल ऑफ अटॅक, म्हणजे पंख आणि येणारी हवा यांच्यातला कोन, एकेक डिग्री वाढवत रीडिंग घ्यायची, लिफ्टचा ग्राफ सरळ रेषेत चढत जातो आणि साधारण १५ डिग्रीच्या आसपास वाकतो आणि पडतो. ज्याला तो ग्राफ स्वतःच्या रीडिंगमधून उमटताना बघून आनंद होतो त्याने एरोनॉटिकलच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण पुढे सीएफडी (कॉम्प्युटरवर हवेच्या प्रवाहाचा हिशोब) असो की फ्लाइट टेस्टिंग, रोज हेच प्रश्न समोर असतात.

ॲस्ट्रोनॉटिकलचा जीव डायनॅमिक्समध्ये, आणि इथे आपलं रोजचं अंगवळणी पडलेलं लॉजिक चालत नाही. जून १९६५ मध्ये नासाचं जेमिनी ४ हे यान कक्षेत पोचल्यावर त्यातले अंतराळवीर जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या सुटलेल्या स्टेजजवळ जायचा प्रयत्न केला, यान तिच्याकडे वळवलं आणि थ्रस्टर चालवले, आणि ती जवळ यायच्या ऐवजी लांब जायला लागली. म्हणजे कक्षेत पुढे जाण्यासाठी वेग वाढवलात की कक्षा उंचावते, उंच कक्षेला एक फेरी मारायला जास्त वेळ लागतो, म्हणून तुम्ही मागे पडता. पुढच्याला गाठायचं तर आधी वेग कमी करून खाली उतरायचं. विमानात असं काही नसतं, समोरचं गाठायचं तर थ्रॉटल वाढवा, झालं. अंतराळवीर बझ ऑल्ड्रिन यांनी १९६३ मध्ये एमआयटीत डॉक्टरेट केली ती याच रांदेव्हूच्या, म्हणजे कक्षेत दोन यानांनी एकमेकांना गाठण्याच्या, विषयावर, आणि पुढे ते स्वतः जेमिनी १२ वर गेले.

स्टॅबिलिटीचा कोर्स दोन्हीकडे असतो आणि नावावरून सारखाच वाटतो, पण आतून फार वेगळा. विमानाचं नाक झटक्याने वर गेलं तर शेपटीवरची हवाच ते खाली आणते, मग फ्यूगॉइड, डच रोल असे मोड, म्हणजे विमानाच्या डोलण्याचे प्रकार, शिकायचे. सॅटेलाइटला सावरायला हवा नाही, एकदा गिरकी लागली की लागली. एक्सप्लोरर १, अमेरिकेचा पहिला सॅटेलाइट, १९५८, लांब पेन्सिलीसारखा, लांबीच्या अक्षाभोवती फिरत राहील असं धरलं होतं. त्याच्या लवचिक अँटेना हलत राहिल्या, त्यात थोडी थोडी ऊर्जा गेली, आणि तो आडवा होऊन गोल गोल फिरायला लागला. अँग्युलर मोमेंटम तेवढाच राहिला पण ऊर्जा कमी झाली तर वस्तू जास्तीत जास्त मोमेंट ऑफ इनर्शियाच्या अक्षावर, म्हणजे ज्याभोवती ती फिरवणं सगळ्यात जड त्या अक्षावर, जाते, एवढंच कारण. मला ही घटना फार आवडते, अख्खं ॲटिट्यूड डायनॅमिक्स, म्हणजे यानाचं तोंड कुठे आहे आणि ते कसं वळतं याचा अभ्यास, एका उदाहरणात येतं.

स्ट्रक्चर्स बऱ्यापैकी कॉमन आहे. विमानात फटीगची, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण येऊन धातू थकून तडकण्याची, चिंता जास्त, केबिनचं प्रेशर प्रत्येक फ्लाइटला वाढतं-उतरतं म्हणून, आणि सॅटेलाइटला लॉंचची थरथर एकदा सोसायची आणि मग वर्षानुवर्षं ऊन-सावली.

एका ठिकाणी मात्र दोन्ही रस्ते परत एकत्र येतात, री-एंट्रीला, म्हणजे अवकाशातून परत हवेत शिरताना. कक्षेतून साधारण ७.८ किमी प्रति सेकंद वेगाने यान हवेत शिरतं आणि तिथे टोकदार नाक नाही तर बोथट नाक लागतं, कारण बोथट नाकापुढे शॉक वेव्ह अंगापासून लांब उभी राहते आणि बरीचशी उष्णता हवेतच राहते. हायपरसॉनिक्स (आवाजाच्या वेगाच्या कितीतरी पट वेगाचा प्रवाह) आवडत असेल तर तुम्हाला दोन्हीकडचं यायला हवं.

ठरत नसेल तर कंट्रोल्स आणि स्ट्रक्चर्स आधी पक्कं करा, ते दोन्हीकडे चालतं. आणि कॉलेज निवडताना डिग्रीच्या नावावर जाऊ नका, तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा सिलॅबस उघडून बघा, बऱ्याच ठिकाणी नाव एरोस्पेस असतं पण ऑर्बिटल मेकॅनिक्सचा एकच कोर्स असतो आणि तोही इलेक्टिव्ह, म्हणजे ती डिग्री मुळात एरोनॉटिकलच आहे. ॲटिट्यूड डायनॅमिक्स, रॉकेट प्रोपल्शन, स्पेसक्राफ्ट डिझाइन हे वेगवेगळे कोर्स दिसले आणि ते शिकवणाऱ्यांचा रिसर्चपण त्यातलाच असेल, तर अवकाशासाठी तिथे जायला हरकत नाही.